बाजेतले दोर

माणूस आपल्या बोरबद्दल खोटं बोलणार असला की आधी त्याची नजर जमिनीकडे जाते, मग तो आकडा सांगतो. हे मला कोणत्याही भाषेत कळतं. तमिळ मला सात वर्षांत धड आली नाही. भाजी घेता येते, पाना-पक्कड मागता येते, समोरचा रागावला हे समजतं, तेवढंच. पण परवा एका नारळाच्या बागेत आम्ही बोरमधून मोटार वर घेत होतो, तेव्हा कॉलेजच्या दोन मुली कागद घेऊन आल्या आणि बागवाल्याला काही विचारू लागल्या. म्हाताऱ्याची नजर खाली गेली. पाइपाला क्लॅम्प लावता लावता मी मनात म्हटलं, आता हा आकडा सांगणार. सांगितला. मुलीनं लिहून घेतला. आमचे चौतीस पाइप तिच्या पायाशी ओळीनं पडले होते, ते काही तिनं मोजले नाहीत.

वैशाखातलं ऊन होतं. नारळाखाली सावली असते, पण तिला आमच्या संत्र्याच्या सावलीसारखा वास नसतो. त्या मुलींच्या पाठमोऱ्या ओढण्या बांधावरून दिसेनाशा झाल्या आणि मला एकदम गावाकडचे ताणाचे दिवस आठवले. तापलेली काळी माती, भेगांमधून येणारी गरम वाफ, आणि मलूल पानांचा कडवट वास.

गावाकडं म्हणजे वरूड तालुक्यात, शेंदूरजनाघाटाच्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही. का ते पुढं कळेल. मृगाचा बहार धरायचा असला की आमच्याकडं या दिवसांत संत्र्याचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं सुरकुततात, दुपारी माना टाकतात. झाडाला वाटतं की आता आपलं संपलं. मग पाऊस आला की ते घाबरल्यासारखं अंगभर फुलतं. लहानपणी मला हे फार वाईट वाटायचं. झाडाला खोटी भीती घालायची आणि त्यानं ती खरी मानायची. पुढं कळलं की माणसंही तशीच चालतात, फक्त त्यांना फुलं येत नाहीत.

माझी शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. कोणी काढलं नाही आणि कोणी थांब म्हणालंही नाही. महिनाभर पारावर बसून काढला, तेव्हा पुंडलिककाकानं मला हाताला धरून मोटारी काढणाऱ्यांच्या टोळीपुढं उभं केलं. काका आमचा सख्खा कोणी नाही. आमच्या घराला लागून त्याची बाग. तो टोळीच्या म्होरक्याला म्हणाला, "हे पोट्टं घे. याचे हात लांब हायेत, अन् तोंड लहान हाय." पहिलं वाक्य सगळ्यांना दिसत होतं. दुसऱ्याची किंमत मला फार पुढं समजली. त्या एका शब्दावर मी पंधरा वर्षं जेवलो. आजही कोणी मला विचारलं की तुझ्यावर उपकार कोणाचे, तर माय सोडून पहिलं नाव काकाचंच येईल.

तोंड लहान हवं, कारण आमच्या धंद्यात गावाचं सगळं गुपित हाताखालून जातं. बोरमधली मोटार पाइपांना लटकलेली असते, एक पाइप वीस फुटांचा. लोखंडी तिपाई उभी करायची, कप्पीवरून एकेक पाइप वर घ्यायचा, खोलायचा, बाजूला ठेवायचा. ज्याच्या बोरवर दिवसभर पाइप मोजले, त्याचं पाणी किती खोल गेलं हे मालकानंतर मलाच माहीत. ते कोणाला सांगायचं नसतं. शेजाऱ्याला सांगितलं तर तो आपल्याहून खोल बोर मारतो. बाग पाहायला आलेल्या व्यापाऱ्याला सांगितलं तर तो सौदा पाडतो. आणि सरकारी माणसाला सांगितलं तर काय होतं, हे कोणी पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मी कोणाचा आकडा कोणाला सांगितला असता, तर दुसऱ्या दिवसापासून मला कोणी बोलावलं नसतं. माझं पोट त्यावर होतं.

एक रीत मात्र आमच्या टोळीची होती. मोटारीला पाइपांशिवाय एक नायलॉनचा दोरही बांधलेला असतो, पाइप तुटला तर मोटार खाली जाऊ नये म्हणून. मोटार वर आली की दोरावर ओल दिसते, तिथपर्यंत पाणी होतं हे कळतं. त्या ठिकाणी आम्ही चिंधी बांधायचो, पुढच्या खेपेला अंदाज यावा म्हणून. चिंधी मालकाच्या घरातून यायची. काकूच्या लुगड्याचा काठ, पोराच्या फाटलेल्या खाकी चड्डीचा तुकडा, जुन्या उशीचा अभ्रा. ज्या वर्षी मोटार निघेल त्या वर्षीची चिंधी मागच्या चिंधीच्या खाली बांधली जायची. नेहमी खालीच. वर बांधायची वेळ मी कधी पाहिली नाही.

दोर झिजला की नवा यायचा आणि जुना आम्हा टोळीवाल्यांचा व्हायचा. माय त्याच्या बाजा विणायची. दोर कापू द्यायची नाही, कापला की नायलॉन उसवत जाते म्हणायची. अख्खा दोर, चिंध्यांसकट, बाजेत जायचा. आमच्या घरी अशा दोन बाजा होत्या आणि खुंटीवर आणखी पाच-सहा दोरांच्या गुंडाळ्या. दुपारी बाजेवर पडलं की पाठीला कुठंतरी गाठ टोचायची. मला वाटायचं, कोणाची असेल? विचारायची सवय नव्हती.

ज्या वैशाखाची ही गोष्ट, त्या वैशाखात दोनदा पाऊस येऊन गेला. मोठा नाही, पण झाडाला फसवायला पुरेसा. ताण अर्ध्यावर तुटला. झाडं अर्धीमुर्धी फुलली, मग वर ऊन आलं आणि झाडांखालच्या आळ्यांत फुलांचा पांढरा सडा पडला. सकाळी बागेत गेलं की तो वास इतका गोड यायचा की वाईट वाटायचं. म्हातारे म्हणायचे, यंदाचं साल येडं हाय. तसं ते मागच्या वर्षीही म्हणाले होते.

त्याच आठवड्यात अमरावतीच्या एका कॉलेजातली सात-आठ पोरंपोरी आणि त्यांचे सर गावात आले. मारुतीच्या सभामंडपात बॅनर लावला. सर तरुण होते, घाम पुसत होते, चांगले वाटत होते, आणि त्यामुळंच सगळे सावध झाले. आमच्याकडं चांगलं बोलणाऱ्या माणसाला आधी कुठून आला ते विचारतात, मग कशासाठी, आणि मग तो गेल्यावर खरं काय असेल यावर बोलतात.

सर म्हणाले, "हवामान बदलावर आज आपण संवाद साधणार आहोत."

"साधा ना जी," मागून कोणीतरी बोललं, "पण लाइट यायच्या आत. मोटारी लावा लागतात."

"तुम्हाला काय काय बदल जाणवतात?" सरांनी विचारलं.

मग वेशीजवळच्या घरातले देविदासभाऊ उठले. "बदल म्हंजे, पह्यले कागद घेऊन पटवारी यायचा. आता तुमी आले." सगळे हसले. सरही हसले, पण एक क्षण उशिरा.

मी खांबाला टेकून उभा होतो. मलाही वाटत होतं, यांच्यामागं कोणीतरी असेल. एखादी कंपनी असेल. बोर बंद करायचे असतील. नाहीतर कॉलेजची पोरं भर उन्हात आमच्या पाण्याची चौकशी करायला कशाला येतील? मोबाइलवर फोटो काढत होते, त्याचाही मला संशय आला. फोटोत माझी तिपाई आली असेल का, याची काळजी मी अख्खी सभा करत होतो.

मग मुलं घरोघर फिरली. सहा-सात प्रश्न होते. त्यातला एक, "मोटार किती फुटावर आहे?" संध्याकाळी ती परत मंडपात जमली. वही वाचायला एक मुलगी उठली. प्रणाली तिचं नाव. काटक, उन्हानं रापलेली, बोलायला आमच्यासारखीच. ती वाचू लागली, "एकशे नव्वद. एकशे नव्वद. एकशे नव्वद. एकशे पंच्याऐंशी, खोडलं, एकशे नव्वद." पान उलटलं. "एकशे नव्वद."

दोनशेच्या खाली गेलं की कारवाई होते, असं गावात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. कायदा कोणी वाचला नव्हता. पण सगळ्यांनी दहा फूट अलीकडं थांबायचं ठरवलेलं, तेही एकमेकांना न विचारता.

प्रणालीनं वही खाली घेतली. "एवढं सारखं कसं हो?"

पुंडलिककाका पुढं बसला होता. त्यानं टोपी सारखी केली आणि म्हणाला, "आमच्या गावचं पाणी शिस्तीचं हाय, पोरी. ओळीनं उभं रायते." मंडप दणाणला. माझ्याही तोंडून हसू गेलं, आणि मग माझी नजर जमिनीकडे गेली. काकाची मोटार त्या वेळी बेचाळीस पाइपांवर होती. आठशे चाळीस फूट. मी स्वतः सोडली होती.

हसणं थांबेपर्यंत ती मुलगी उभी राहिली. मग म्हणाली, "माहं गाव अकोल्याकडं, खारपाणपट्ट्यात. आमच्या इथं बोर मारला तं मीठ लागते. तोंडात धरवत नाही. तिथं कोणी काही लपवत नाही, लपवाले पाणीच नाही. तुमच्याकडं गोड हाय, म्हून तुमाले भेव हाय."

बाहेर पडताना ऐकू आलं, "पोट्टी तिखट हाय. कोणाची माणूस हाय, पाहा लागते."

दुसऱ्या दिवशी मी देविदासभाऊंच्या बागेत तिपाई लावली होती. ती तिथं आली. पाणी मागितलं, प्यायली. पाइपांकडं पाहत उभी राहिली.

"दादा, एक पाइप किती फुटाचा?"

"वीस." मी बोलून गेलो. एवढं तर हार्डवेअरच्या दुकानातही सांगतात.

तिनं वही उघडली. ओठांनी काहीतरी पुटपुटली. "म्हंजे एकशे नव्वदले साडेनऊ पाइप. साऱ्या गावानं साडेनऊ टाकले." मग माझ्याकडं पाहून, अगदी भोळ्या तोंडानं, "अर्धा पाइप कुठं भेटते, दादा?"

"वरूडले," मी म्हटलं.

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. वही मिटून तिनं पिशवीत टाकली. "मी सरायले सांगत नाही. पण मंग खड्डा चुकीच्या जागी होईल."

तिनं मला समजावलं, आणि मला ते एका दमात समजलं, कारण ते माझ्याच हातातलं होतं. गावातली एक पडीक विहीर निवडायची. शेजारी खड्डा घ्यायचा, त्यात दगड, गिट्टी, रेती भरायची, पावसाचं वाहून जाणारं पाणी गाळून त्या विहिरीत सोडायचं, म्हणजे ते खाली मुरेल. मशीन चारच दिवसांसाठी मिळणार होतं, बाकी सगळं श्रमदान. म्हणजे विहीर एकच होणार. आकडे सगळीकडे सारखे, म्हणून सरांनी सोयीची घेतली होती, रस्त्याच्या कडेची, नाल्याजवळची. तिथं सोडलेलं पाणी नाल्यानं पुढच्या गावाला जाणार, हे मला डोळे मिटून दिसत होतं. पाणी आटलं होतं ते टेकडीकडच्या अंगाला. काकाच्या बाजूला. तिथल्या बागा आणखी दोन उन्हाळे काढणार नव्हत्या. हे गावात एकट्या मला माहीत होतं, कारण बाकी प्रत्येकाला फक्त आपला आकडा माहीत होता आणि शेजाऱ्याचा खोटा.

"तुमी सांगा ना," ती म्हणाली.

"मले काही माहीत नाही," मी म्हटलं. तिनं जास्त ताणलं नाही. तिथंच मला तिच्याबद्दल पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

तीन दिवस मी जेवताना मायकडं पाहिलं नाही. सांगितलं तर माझा धंदा बसणार. त्याहून मोठं म्हणजे काका. ज्यानं माझं तोंड लहान आहे म्हणून मला हात दिला, त्याचंच गुपित उघडं करायचं? आणि नाही सांगितलं तर ज्या बागेच्या सावलीत मी लहानाचा मोठा झालो ती जळणार, आणि मी मोटार आणखी दोन पाइप खाली सोडून देणार. दोन्हीकडून माझेच हात. चौथ्या दिवशी दुपारी बाजेवर पडलो, कूस बदलली, आणि बरगडीला गाठ टोचली. मी उठून बसलो. बाजेखाली वाकून पाहिलं. हिरवी, पिवळ्या काठाची चिंधी. तिच्यापासून दोराबरोबर बोट नेलं तर दुसरी. मग तिसरी.

"माय," मी म्हटलं, "बाज उसवतो."

"कावून?"

मी सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं. मायनं बाजेच्या दोरावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मी कायच्यावर निजू?"

"खाली."

"विंचू निघते वैशाखात," ती म्हणाली, आणि पायथ्याची गाठ सोडायला बसली.

श्रमदानाच्या दिवशी सकाळी मी अकरा दोर मंदिरापासून रस्त्यावर अंथरले. सगळ्यांचं वरचं, जमिनीकडचं टोक मारुतीच्या पायरीला. टेकडीकडच्या बोरांचे दोर डाव्या हाताला, नाल्याकडचे उजव्या. कोणाचा कोणता, हे कुठं लिहिलं नव्हतं. उजवीकडचे चक्कीपर्यंत जाऊन संपले. डावीकडचे चक्की ओलांडून, शाळा ओलांडून, पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. एक दोर पार एसटीच्या थांब्यापर्यंत गेला. मधे मधे चिंध्या. लाल, खाकी, फुलाफुलाच्या. पहिली मंदिराजवळ, पुढची चक्कीजवळ, पुढची शाळेजवळ. चालत गेलं की वर्षांमधून चालल्यासारखं व्हायचं.

सर आले, थांबले. मुलं थांबली. प्रणाली एकटीच दोराच्या कडेनं चालत गेली, तोंडावर हात ठेवून. गावातली माणसं घमेली-फावडी घेऊन येत होती, ती रस्त्यावर पाऊल टाकायची थांबली. कोणी विचारलं नाही की हे काय आहे. प्रत्येक जण आपला दोर शोधत होता आणि सापडला की दुसरीकडं पाहत होता. माझ्याकडं कोणी पाहत नव्हतं. मला पळून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात शांताकाकू, पुंडलिककाकाची घरवाली, शाळेजवळ वाकली. हिरवी चिंधी हातात घेतली आणि मोठ्यानं म्हणाली, "बाई वं! हा तं माया डोहाळ्याच्या लुगड्याचा काठ."

बायकांना आकडा लपवायचं कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. दुसरी म्हणाली, ही आमच्या गणूची चड्डी. तिसरी म्हणाली, हे तं सासूबाईंचं, त्या गेल्या त्या साली. रस्ताभर बायका वाकल्या होत्या, चिंध्या ओळखत होत्या, काही हसत होत्या, एक रडत होती. पुरुष उभे होते.

काका चालू लागला. आपल्या दोराच्या कडेनं. शाळा, टाकी, मग एसटीचा थांबा. तिथं दोर संपत होता. एवढ्या लांबून त्याची टोपीच दिसत होती. तो तिथं किती वेळ उभा राहिला ते मी सांगू शकत नाही, मला फार वाटला. मग तो दोर हाताला गुंडाळत गुंडाळत परत आला, सावकाश, कापसाचा पेळू गुंडाळावा तसा. सगळ्यांदेखत तो प्रणालीपुढं थांबला.

"हा माया हाय. बेचाळीस पाइप. लिवून घे पोरी."

मग देविदासभाऊ म्हणाले, "लिव, माये सोळा." मग बाकीचे. लिलाव बोलावा तसे आकडे येत होते आणि एकही एकशे नव्वद नव्हता. काका माझ्याजवळून जाताना क्षणभर थांबला. "दोर लय जपून ठेवले रे, दिन्या," म्हणाला. शाबासकी नव्हती ती. शिवीही नव्हती. मी अजून तो सूर कानात फिरवून पाहतो.

खड्डा काकाच्या पडीक विहिरीजवळ झाला. चार दिवस सगळं गाव दगड वाहत होतं, मी पण. काकानं सगळ्यांना पाणी वाटलं. मलाही दिलं, नजर न देता.

त्या हंगामात एकाही बागेतून मला बोलावणं आलं नाही. भांडण नाही, टोमणा नाही. वरूडची टोळी गावात दिसू लागली, एवढंच. गावाचं तरी काय चुकलं? तोंड लहान ठेवायचं काम होतं, मी बोललो नाही, पण दोर बोलले. पोळ्यानंतर तमिळनाडूतली एक बोरची गाडी आमच्या भागात आली होती, तिच्या मालकाला माणूस हवा होता. त्याच्याबरोबर इकडं आलो. ज्या मशीननं आमचं पाणी खाली नेलं, त्याच मशीनवर राहिलो, मग मोटारींच्या कामाला लागलो. इथला मालक, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, भला आहे. मला तापात त्यानं दवाखान्यात नेलं, त्याच्या बायकोनं रसम-भात पाठवला. मी उपकार विसरत नाही. पण वैशाखात इथं झोप येत नाही.

इथं बसून मी स्वतःवरही संशय घेतो. ते मी गावासाठी केलं, की कॉलेजातल्या एका मुलीला दाखवायला, की नववी नापास होण्याआधीच पळालेल्या माणसालाही काही कळतं म्हणून? तिचा एकदा फोन आला होता. "दादा, मले त्या कामाचे चांगले मार्क भेटले," ती म्हणाली. दुसरं काही मोठं बोलली असती, गावाचं भलं, धरतीमाता, तर मी फोन ठेवला असता. मार्क मिळाले म्हणाली, म्हणून वाटलं की ही खरी होती. पुढं ती तिच्या खारपाणपट्ट्यात शाळेच्या पोरांना घेऊन गावोगाव बसते, असं म्हणाली. तिथं काय लपवतात, मी विचारलं. "तिथं काही लपवत नाही, पण आता काही होईल असं कोणाले वाटतच नाही," ती म्हणाली. "ते त्याहून कठीण हाय, दादा."

गावाचं पाणी वर आलं, असं मला माय फोनवर दरवर्षी सांगते. एका वर्षी वीस फूट म्हणाली, एका वर्षी पन्नास. कोणी सांगितलं, विचारलं तर म्हणते, सारे म्हणतात. सारे म्हणतात म्हटलं की मला एकशे नव्वद आठवतं. चांगली बातमी गावात गोल आकड्यातच फिरते. मी हो हो म्हणतो आणि मानत नाही. पाऊस कधी येतो, कधी दडी मारतो, एका विहिरीनं आणि चार दिवसांच्या घामानं एवढं कसं होईल? माझ्यानं पोटभर मानवत नाही. मानलं आणि खोटं निघालं तर मी कशापायी इथं आहे, हे मला माझ्याजवळ सांगता येणार नाही.

त्या दोन मुली नारळाच्या बागेतून गेल्या, त्याच दिवशी दुपारी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"दिन्या?"

सात वर्षांनी ऐकला, तरी आवाज चुकला नाही. "हो, काका."

मागून वारा ऐकू येत होता. बागेतून बोलत असावा. पलीकडं कोणीतरी पाइप आपटला, तो आवाज मला कुठंही कळतो.

"मोटार काढली आज. वरूडच्या पोट्ट्यायनं."

"जळली का?"

"हो. त्यायले चिंधी बांधाची माहीत नाही. दोर तसाच सोडून राह्यले होते. म्या थांबवलं, म्या बांधली."

"कायची बांधली, काका?"

"तुया मायले मांगितली. तिच्या लुगड्याची."

माझा हात कपाळाला गेला. पुढचा प्रश्न विचारायचा की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. पण तो विचारण्यासाठीच त्यानं फोन केला असावा.

"जुनीच्या वर, का खाली?"

आता हा जमिनीकडं पाहत असेल, मला वाटलं. आता आकडा येईल.

"वर," काका म्हणाला.

"किती?"

"हातभर."

मग लाइट गेली का, पोट्ट्यांना जेवायला द्यायचं आहे, असं काहीतरी पुटपुटून त्यानं फोन ठेवला. मी नारळाखाली उभा राहिलो. खोटं बोलायचं असतं तर काका वीस फूट म्हणाला असता. पन्नास म्हणाला असता. ज्याला मिरवायचं आहे तो हातभर म्हणत नाही. मी उजवा हात पुढं केला आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत तो नीट पाहिला. एवढं.